ऐकणें आणि ऐकविणें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या पुतण्यानें घरच्या मुलांसाठीं संगणकावर एक खेळ रचला. पडद्यावर नदी व नदींत होडी. मुलांनीं पाढे म्हणावे आणि आवाज चढेल तशी होडी पुढें सरकावी. परंतु आमची धाकटी नात, एरवीं अखंड बडबडणारी, 'बे एकें बे' म्हणतांच अडखळली आणि खालीं मान घालून उठून गेली. आजीच्या कुशींत शिरून म्हणाली, "तो मला वेडावतो!"

पोरीचें म्हणणें खरेंच होतें. मायक्रोफोननें घेतलेला आवाज क्षणभरानें स्पीकरमधून परत वाजत होता. आपलाच आवाज सुमारें एक-पंचमांश सेकंद उशिरां कानीं पडला, तर अस्खलित बोलणारा मनुष्यहि चांचरतो, हें बर्नार्ड ली यांनीं १९५० सालीं दाखवून दिलें आहे. शिवाय स्पीकरचा आवाज पुनः मायक्रोफोनमध्यें शिरला, कीं कर्कश शिट्टी सुरू होते, ती वेगळीच.

पुतण्यानें आधीं स्पीकर बंद केला. तेव्हां खेळांतील संगीतहि गेलें. मग त्यानें मायक्रोफोनचा आवाज वाजविणारा भागच थांबविला. तेव्हां होडीहि जागच्या जागीं थांबली! त्याचें खेळ रचण्याचें साधन गोडो हें होतें. त्यांत मायक्रोफोनचा प्रवाह 'वाजत' असेल तरच पुढें वाहतो. तो थांबविला, कीं कांहींच हातीं लागत नाहीं.

ज्यांच्या घरीं मुलें असे खेळ रचीत असतील, त्यांच्यासाठीं यावरील उपाय सांगतों. गोडोमध्यें प्रथम प्रकल्पाच्या सेटिंगमध्यें ध्वनि आंत घेण्याची परवानगी द्यावी. मग मायक्रोफोनच्या आवाजास स्वतंत्र वाहिनी, म्हणजे 'बस', द्यावी. तिच्यावर 'ऑडिओ इफेक्ट कॅप्चर' बसवावा आणि ती वाहिनी 'म्यूट' करावी. म्यूटचें दार वाहिनीच्या अगदीं शेवटीं असतें. त्यामुळें आवाज वाटेंत टिपला जातो, पण बाहेर पडत नाहीं. संगीताची वाहिनी निराळी असल्यानें तें चालूच राहतें.

युनिटी या साधनांत काम याहून सोपें आहे. 'मायक्रोफोन.स्टार्ट' ही आज्ञा दिली, कीं आवाज एका क्लिपमध्यें भरूं लागतो. 'गेटपोझिशन' या आज्ञेनें तो कोठवर भरला तें कळतें व 'गेटडेटा'नें त्याचे आंकडे वाचतां येतात. ती क्लिप वाजविण्याची गरजच नाहीं.

होडी चालविण्यास एवढे आंकडे पुरतात. त्यांतील प्रत्येकाचा वर्ग करावा, सर्वांची सरासरी घ्यावी व तिचें वर्गमूळ काढावें. तें आवाजाच्या जोराचें माप. माप घेतल्यावर आंकडे टाकून द्यावे. घरांतलें बोलणें सांठवून ठेवण्याचें खेळास कारण नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आजीनें समजूत घालून नातीस पुनः बसविलें. ती प्रथम दबकत बोलली. कोणी वेडावीत नाहीं असें पाहून तिचा स्वर चढला, आणि 'बे दाहे वीस' होण्यापूर्वींच होडी पैलतीरास लागली.

ऐकणें आणि ऐकविणें हीं दोन निराळीं कामें आहेत. यंत्रास तें समजावून सांगावें लागलें. पण लहान मूल बोलत असतां त्याचे बोबडे बोल हंसत त्यालाच परत ऐकविणारीं आपण वडील माणसें तरी तें कितीसें जाणतों?