रात्री लिहिलं, सकाळी पोचलं

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक चिठ्ठी रात्री साडेअकराला लिहून पुरी झाली. ती सकाळी बरोबर नऊच्या ठोक्याला समोरच्याच्या हातात पडली. लिहिणारा तेव्हा गाढ झोपेत होता आणि पोस्टमन तर या कथेत नाहीच. मग चिठ्ठी टाकली कुणी?

ओळखलंत? संगणकानं!

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाबा ऑफिसात काम करतात. आता तिथं एकमेकांशी बोलायला स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशी अ‍ॅप्स असतात. आपल्या कॉलनीत जसा गप्पांचा कट्टा, तसा हा ऑफिसचा कट्टा, बरं का! फरक एवढाच, की हा कट्टा खिशात बसून घरी येतो. रात्री वरणभात वाढताना फोन ‘टिंग’ करतो. आईचा एक हात पळीवर आणि डोळे फोनवर. तुम्ही शाळेतली गंमत सांगत असता, ती अर्धीच राहते.

आता थोडं मागं जाऊ या. पूर्वी निरोप दोन तऱ्हांनी यायचा. एक पत्र आणि दुसरी तार. पत्र कुणी रात्री दोनला लिहिलं तरी तुमची झोप मोडत नसे. ते पेटीत, मग टपाल कचेरीत थांबायचं आणि पोस्टमनच्या फेरीबरोबर दिवसाउजेडी घरी यायचं. तारेचं तसं नव्हतं. तातडीची तार आली, की घरातल्या सगळ्यांच्या छातीत धस्स व्हायचं. म्हणूनच लोक तार जपून करत. आपल्या देशातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. पण गंमत बघा, चॅटवरचा प्रत्येक निरोप आता तारेसारखाच येऊन धडकतो. ‘उद्या फाइल पाठवा’ हासुद्धा!

यावरचा एक उपाय म्हणजे वेळ लावून ठेवलेला निरोप. लिहायचा आत्ता, पण वर वेळ घालायची, ‘उद्या सकाळी ९’. म्हणजे तारेचं पुन्हा पत्र केलं म्हणा ना! जीमेलवर ही सोय एप्रिल २०१९ मध्ये आली. त्याच वर्षी टेलिग्रामवरही आली. स्लॅकवर तर पुढच्या १२० दिवसांतली कुठलीही वेळ लावून ठेवता येते.

हे चालतं कसं, ते पाहू. तुम्ही वेळ लावलीत, की निरोप तुमच्या फोनमधून निघून कंपनीच्या मोठ्या संगणकात जाऊन बसतो. त्याच्या शेजारी वेळ टिपलेली असते. तो संगणक सारखा घड्याळ बघत राहतो आणि वेळ झाली, की निरोप सोडून देतो. त्यामुळे लिहिणाऱ्यानं फोन बंद केला तरी चालतं. आणि निरोप सुटेपर्यंत तो बदलता येतो, पुढं ढकलता येतो, नाहीतर सरळ खोडून टाकता येतो. पेटीत टाकलेल्या पत्राला हे भाग्य नव्हतं!

संगणकाचं घड्याळही मजेशीर असतं. आपल्यासारखं ‘सकाळ-संध्याकाळ’ त्याला कळत नाही. १ जानेवारी १९७० ला ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढंच बरेच संगणक मोजत असतात. ती संख्या आता १७० कोटींच्या पुढं गेली आहे. स्लॅकला एखाद्या कार्यक्रमाकडून निरोप ठरवून द्यायचा, तर वेळ अशाच सेकंदांत सांगावी लागते.

ग्रिनिच म्हटल्यावर तुम्हाला भूगोल आठवला असेल. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेपाच तास पुढं. पुण्यातल्या हिंजवडीत कितीतरी जण अमेरिकेतल्या कंपन्यांसाठी काम करतात. तिकडं कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात घड्याळ आपल्यामागे साडेबारा तास असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा. कारण तिथले लोक मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागं घेतात.

आता हे गणित सोडवा. जून महिना आहे. कॅलिफोर्नियातल्या बाईंनी दुपारी चारला निरोप पाठवला. पुण्यात किती वाजले असतील? दुसऱ्या दिवसाची पहाट, साडेचार! तोच निरोप पुण्यात सकाळी साडेनऊला पोचावा असं वाटत असेल, तर त्यांनी स्वतःच्या घड्याळाप्रमाणे रात्री नऊची वेळ लावायला हवी. स्लॅकमध्ये वेळ लावणाऱ्याचं घड्याळ धरतात. ‘सकाळी ९’ असं बिनदिक्कत लावलं, तर पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. भूगोलाचा तास कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनो, ऐकताय ना?

पण थांबा, या सोयीत एक खोच आहे. ती कळावी म्हणून आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही एक खेळ केला. बुटांचा रिकामा खोका घेतला आणि त्याला नाव दिलं ‘उद्याची पेटी’. चिठ्ठीवर नाव, वार आणि वेळ घालायची. वेळ झाली, की वर्गप्रतिनिधी ती वाटणार. एका मुलीनं शुक्रवारी मैत्रिणीला चिठ्ठी लिहिली, ‘आज मधल्या सुट्टीत माझ्या आईच्या हातचं थालीपीठ तुला देणार.’ वार घातला सोमवार. आणि सोमवारी ती तापानं घरीच! चिठ्ठी मात्र वेळेवर मिळाली. मैत्रीण निम्मी सुट्टी स्वतःचा डबा न उघडता दाराकडं बघत बसली.

कळलं? चिठ्ठी लिहिल्यानंतर काय घडलं, ते चिठ्ठीला ठाऊक नसतं. सहल रद्द झाली तरी ‘सहलीला भेटू’ हा निरोप ठरल्या वेळी जातोच. म्हणून वेळ लावून ठेवलेले निरोप अधूनमधून उघडून पाहावे लागतात.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. वेळ लावल्यानं समोरच्याची झोप वाचते, पण काम कमी होत नाही. लिहिणारा रात्री जागलेलाच असतो, त्याचं जागरण फक्त कुणाला दिसत नाही. शिवाय सगळ्यांनी सकाळी नऊचीच वेळ लावली, तर नऊला वीस निरोप एकदम अंगावर येतात. खरा प्रश्न कामाच्या तासांचा आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नासहून जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर आलेल्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. मात्र नकार अवाजवी नसावा. आपल्या लोकसभेत खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली असं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.

आणि मुलांनो, आईबाबांवर लगेच रुसू नका हं. उत्तर दिलं नाही तर साहेब काय म्हणतील, ही धाकधूक त्यांनाही असते. त्यापेक्षा आपल्यापुरतं एक काम करा. वर्गाच्या ग्रुपवर रात्री अकराला ‘गणिताचं पान कुठलं?’ असं विचारावंसं वाटलं, तर आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे आत्ताच कळायला हवं का? सकाळी कळलं तर काही बिघडेल का? आणि हा निरोप सकाळीही खरा असेल का? आग लागली, कुणी आजारी पडलं, कुणी घरी पोचलं नाही, तर क्षणभरही थांबायचं नाही. निरोपही नको, सरळ फोन करायचा. बाकीचं कागदावर टिपून ठेवा आणि सकाळी विचारा.

या आठवड्याचा उद्योग: घरी एक ‘उद्याची पेटी’ करा. रात्री जेवताना ज्याला ऑफिसचं किंवा अभ्यासाचं काही आठवेल, त्यानं ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं आणि जेवण पुरं करायचं. सकाळी पेटी उघडा. किती चिठ्ठ्या खरोखर तातडीच्या निघाल्या, ते मोजा आणि आकडा मला पत्रानं कळवा. पत्र सावकाश आलं तरी चालेल!