तिशीच्या आतली बाई आणि सरकारची मोजपट्टी

लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले, तेव्हा बहीण वयाच्या एकविसाव्या वर्षी लाडकी होते असे राज्यकर्त्यांनी ठरविले. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेला मात्र हीच बहीण तीस वर्षांची होईपर्यंत दिसत नाही. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब यांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन जी तपाससूची भरते, ती ३० वर्षे व त्यापुढील वयाच्या माणसांची. त्या सूचीत कंबरेच्या घेराचा रकाना आहे. स्त्रीचा घेर ८० सेंटिमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, ८१ ते ९० असेल तर एक आणि त्याहून अधिक असेल तर दोन. म्हणजे काय मोजावे हे सरकारला पुरते ठाऊक आहे. कोणाला मोजावे, एवढाच प्रश्न त्याने चुकीचा सोडविला आहे.

शाळा-अंगणवाडीतील मुलामुलींची तपासणी अठराव्या वर्षी संपते. तिशीची तपासणी अजून बारा वर्षे दूर असते. या बारा वर्षांत आमच्या नळदुर्गातली किंवा तुळजापूर तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यातली बाई नियमाने मोजली जाते ती केवळ गरोदरपणी. आणि तेव्हाही मोजले जाते ते तिच्या पोटातल्या मुलासाठी. राज्यसंस्थेला तिचे गर्भाशय दिसते, हृदय दिसत नाही. या अंधत्वाची किंमत कोण देते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम मोजमापाविषयी. दवाखान्यात वजन आणि उंची घेऊन जो निर्देशांक काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, त्याचे मूळ वैद्यकात नाही. बेल्जियमचा ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ केतले याने १८३० च्या दशकात ‘सरासरी माणसा’चा शोध घेताना हे सूत्र मांडले. त्याला आजचे नाव मिळाले १९७२ मध्ये, अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या निबंधातून. त्या निबंधासाठी पाच देशांतील सात हजारांहून अधिक माणसे तपासली होती. ते सगळे पुरुष होते, आणि त्या पाच देशांत भारत नव्हता. समूहाची तुलना करण्यासाठी काढलेले हे ओबडधोबड साधन पुढे एकेका व्यक्तीच्या प्रकृतीचा निकाल देऊ लागले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील गफलत तत्काळ कळावी. दरडोई उत्पन्न वाढले म्हणजे दारिद्र्य हटले असे म्हणणाऱ्यांना आपण इतकी वर्षे एकच प्रश्न विचारीत आलो: वाटपाचे काय? बीएमआय हे शरीराचे दरडोई उत्पन्न आहे. त्यातून एकूण वजन कळते. त्या वजनात स्नायू किती, चरबी किती, आणि ती चरबी कोठे साठली आहे, यांपैकी काहीही कळत नाही. हृदयाच्या दृष्टीने सारा प्रश्न या वाटपाचाच आहे. मांड्या-नितंबांवर त्वचेखाली असणारी चरबी बहुतांशी निरुपद्रवी असते. स्त्रीच्या शरीरात ती निसर्गतःच पुरुषापेक्षा जास्त असते. पोटाच्या आत, यकृतात आणि आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र निराळी. तिच्यातील स्निग्धाम्ले यकृताकडे वाहतात, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढतात, उपकारक कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढतो. पंचविशीत याचे एकही लक्षण दिसत नाही. रक्तवाहिन्या आतून खराब होण्याचे काम तेव्हाच सुरू झालेले असते, आणि बिल पंचेचाळिशीत येते.

भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट किती बिकट आहे, हे दाखवून देण्याचे श्रेय पुण्याला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र इंग्रज प्राध्यापकाच्या अंगी ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगी २१.२ टक्के. वजनकाट्याने ज्यांना समान ठरविले, त्यांच्यात दुपटीहून अधिक अंतर निघाले.

हे अंतर जन्मापासूनचे आहे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून राहिलेली. दिसायला रोड, आतून मेदयुक्त, असे हे बाळ. त्यांतल्या मुली मोठ्या होऊन शेतात राबतात, तेव्हा काटा त्यांना ‘सडपातळ’ किंवा ‘सामान्य’ म्हणून मोकळे करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २५ ची रेषा कायम ठेवूनही २३ ही सावधगिरीची जादा पायरी धरावी असे सुचविले, ते या प्रकारच्या पुराव्यांमुळेच. परंतु पायरी खाली आणली तरी काटा तोच राहतो. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००५ मध्ये दाखविले की, हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा कंबर-नितंब गुणोत्तराचे नाते कितीतरी घट्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानेही स्थूलतेचे निदान केवळ बीएमआयवर करू नये, असाच निर्वाळा दिला.

येथे आपल्याच कार्यकर्त्यांतून एक आक्षेप येईल: चरबी हा श्रीमंतांचा रोग आहे, आमच्या बायाबापड्यांच्या अंगात रक्त नाही, तेथे चरबीच्या गप्पा कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण जुना आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के कृश आणि २३.४ टक्के स्थूल वा अतिवजनी आढळल्या, आणि ५४.२ टक्के रक्तक्षयी. या तीन निरनिराळ्या बायका नाहीत. रक्तक्षय आणि पोटावरची चरबी एकाच देहात सुखाने नांदतात. त्याच पाहणीत प्रथमच कंबर-नितंब गुणोत्तर घेतले गेले, तेव्हा देशातील ५६.७ टक्के स्त्रियांचे गुणोत्तर धोक्याच्या रेषेवर निघाले. काट्याने स्थूल ठरविलेल्या स्त्रिया देशभरात २४ टक्के. उरलेल्या मोठ्या समूहाला आपण ‘निरोगी’ म्हणून घरी पाठवीत आलो.

या आक्षेपाला एक वैचारिक पूर्वपीठिकाही आहे. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई २२५० उष्मांकांची दारिद्र्यरेषा आखली. पां. वा. सुखात्मे यांनी तिच्यावर टीका केली. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते, म्हणून केवळ सरासरी गरजेच्या खाली असणाऱ्या प्रत्येकाला कुपोषित मानू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९८० च्या दशकात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेक्लर यांनी पुढची पायरी गाठली आणि ‘लहानखुरे पण निरोगी’ असा सिद्धान्तच मांडला. तो वाद उष्मांकांचा होता. पुण्याच्या खेड्यांतील बाळांनी त्याचे उत्तर स्नायू आणि चरबी यांच्या भाषेत दिले आहे. शरीर जुळवून घेते हे खरे. पण फुकट जुळवून घेत नाही. आईच्या उपासमारीत ते मेंदू वाचविते, चरबी राखते आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांवर काटकसर करते. पुढे त्याच देहाला रेशनचा गहू-तांदूळ, स्वस्त पामतेल आणि साखर मिळू लागली, की त्या काटकसरीचे व्याज सुरू होते. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत वाटलेल्या ‘आनंदाच्या शिध्या’त रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल होते. चार वस्तूंत प्रथिनांची बाजू एकट्या डाळीने सांभाळायची! भुकेल्याला पोट भरण्याइतके द्यायचे आणि स्नायू घडविण्याइतके द्यायचे नाही, हे आपल्या अन्नधोरणाचे सार आहे. तेव्हा चरबीचा प्रश्न हा भुकेच्या प्रश्नाचाच उत्तरार्ध होय.

दुसरीकडे बाजार आहे, आणि तो आपल्यापेक्षा चलाख आहे. तरुण स्त्रीच्या चरबीचे मोजमाप त्याने केव्हाच हाती घेतले. व्यायामशाळांतून यंत्रे आली. अनवाणी उभे राहायचे, मूठ धरायची आणि चरबीची टक्केवारी दशांशापर्यंत कागदावर घ्यायची. हे यंत्र चरबी मोजत नाही, शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून त्याला होणारा अडथळा मोजते. पाणी धरून ठेवणाऱ्या स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून जात नाही. बाकीचा आकडा एका समीकरणातून येतो. ते समीकरण कोणत्या लोकांवर बेतले, हे गिऱ्हाईक विचारीत नाही. बाई नुकती जेवलेली असली, उन्हातून आलेली असली, तरी आकडा बदलतो. अचूक मापनासाठी दोन प्रकारच्या क्ष-किरणांचे डेक्सा यंत्र आहे, पण ते मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांत. बाजाराला मुळात हृदयाशी कर्तव्यच नाही. त्याला बाईच्या मनात तिच्या देहाविषयी लाज उत्पन्न करायची असते, कारण लाजेवर माल खपतो. ज्या मांड्यांवरच्या चरबीचा हृदयाला उपद्रव नाही, ती घटविण्याची मलमे तो विकतो.

आता सरकारचे अज्ञान किती सोयीस्कर आहे ते पाहा. गरोदरपण ही स्त्रीच्या हृदयाची पहिली मोठी परीक्षा असते. ज्या स्त्रीला गरोदरपणी रक्तदाबाची विषारी अवस्था होते, तिला पुढे हृदयविकार व पक्षाघात होण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणीच्या मधुमेहाचेही तसेच. ही माहिती मातेच्या कार्डावर शासनाच्याच कर्मचाऱ्याने लिहिलेली असते. बाळंतपण झाले की कार्डाचा कल बाळाच्या लसीकरणाकडे वळतो आणि आईची नोंद ट्रंकेत जाते.

याहून दारुण प्रकरण ऊसतोडणीचे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून कोवळ्या वयात शस्त्रक्रिया! त्या चर्चेत हृदयाचा शब्द निघाला नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१८ मधील अभ्यासात, ३५ किंवा त्याहून कमी वयात गर्भाशय काढलेल्या स्त्रियांना, त्यांची बीजकोशे शाबूत ठेवूनही, हृदयधमनी विकाराचा धोका अडीचपट आणि हृदय दुबळे पडण्याचा धोका ४.६ पट आढळला. आमच्या धाराशिव जिल्ह्यातूनही टोळ्या दरवर्षी कारखान्यांकडे जातात. गर्भाशय गमावलेल्या या स्त्रियांचा रक्तदाब आणि पोटाचा घेर दरवर्षी मोजण्याची जबाबदारी कोणाची? कारखानदाराची नाही, मुकादमाची नाही, आणि तिशीच्या आत असेल तर सरकारचीही नाही.

सरकार म्हणेल, आम्ही मोहिमा घेतल्या. घेतल्या, हे खरे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम निघाली आणि तीत १८ वर्षांवरील स्त्रियांची तपासणी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ निघाली. दोन्ही नावे नीट वाचा. घर सुरक्षित राहावे म्हणून माता, कुटुंब सशक्त व्हावे म्हणून नारी. बाईने स्वतःसाठी जगावे, हे कोणत्याही घोषणेत बसत नाही. तुळजापूरच्या देवीचे शारदीय नवरात्र वर्षातून एकदा येते. रक्तवाहिन्यांची झीज रोजची असते. मोहिमेत अठराव्या वर्षी तपासता येते, तर कार्यक्रमात का नाही? पैसा नाही म्हणून, असे उत्तर देऊ नये. कंबर मोजण्याच्या फितीला शिंप्याच्या दुकानात पडते तेवढीच किंमत पडते.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. तपाससूचीची वयोमर्यादा ३० वरून १८ वर आणावी, आणि वजनाबरोबर कंबरेचा घेर व रक्तदाब दरवर्षी नोंदवावा. गरोदरपणी रक्तदाब वा मधुमेह झालेल्या, तसेच गर्भाशय काढलेल्या प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद ठेवून तिचा पाठपुरावा करावा. रेशनवर डाळ आणि ज्वारी नियमाने द्यावी. आणि हे सर्व काम आशांच्या डोक्यावर फुकट लादू नये. त्यांना ‘स्वयंसेविका’ म्हणवून मानधनावर राबविणारे सरकार आणखी एक रकाना वाढवीत असेल, तर त्याने त्यांना कर्मचारी म्हणून वेतनही द्यावे. एका राबणाऱ्या बाईचे आरोग्य दुसऱ्या राबणाऱ्या बाईच्या शोषणावर उभे करणे आपल्याला मान्य होणार नाही.

तोवर कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये एक साधा नियम सांगितला: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. उंचीइतकी सुतळी घ्यावी, दुमडून निम्मी करावी, आणि शेवटची बरगडी व कंबरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर, पोटाभोवती न आवळता गुंडाळावी. टोके जुळत नसतील तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. गरोदर स्त्रीला हा नियम लागू नाही. मोजणारी स्त्री कार्यकर्तीच असावी, आणि मोजताना ‘जाड’ हा शब्द तोंडातून निघू नये. आपण शरीराचे नव्हे, व्यवस्थेचे माप काढीत आहोत.

नळदुर्गातून हृदयाच्या गंभीर दुखण्यासाठी सोलापूर गाठावे लागते. झटका आल्यावर तो महामार्ग किती लांबतो, हे ज्यांच्या घरातली बाई वाटेत गेली त्यांना विचारावे. त्या वाटेवर रुग्णवाहिका असावी, यासाठी आपण लढलेच पाहिजे. पण त्याआधी वीस वर्षे, ती बाई विशीत असताना, कोणीतरी तिच्या दारात सुतळी घेऊन जावयास हवे होते. आज विशीत असलेल्यांच्या दारात ती नेता येते. तिशीची वाट पाहावी असे सरकारला वाटत असेल. आपल्याला तसे वाटण्याचे कारण नाही.