गळ्यातलं फुलपाखरू आणि फडताळातली गोळी

दोस्तांनो, या आठवड्यात मी वटवाघळांवर लिहिणार होतो. अर्धं लिहूनही झालं होतं. पण अंबड तालुक्यातल्या एका गावातून नववीतल्या एका मुलीचं पत्र आलं आणि वटवाघळं राहिली लटकत. नाव छापू नका असं तिनं दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. आपण तिला ताई म्हणू.

ताईचा धाकटा भाऊ सहावीत आहे. दुसरीत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टरी भाषेत ल्युकेमिया. मुंबईत मोठा उपचार झाला, सलाइनमधून औषधं, पाठीत सुया, डोक्याला शेक, सगळं झालं आणि पठ्ठ्या बरा झाला. पुन्हा शाळेत यायला लागला. पण गेल्या वर्षापासून त्याची गाडी मंदावली. वर्गात पेंगायचा. मार्च महिन्यात, जालन्याच्या उन्हात, अंगावर स्वेटर मागायचा. उंची तेवढीच. पोरांनी नाव ठेवलं कुंभकर्ण, आणि घरच्यांनाही वाटलं की आजारपणात लाड झाले म्हणून आळशी झालाय.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, थायरॉईड कमी पडतंय. रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी. दोन महिन्यांत भाऊ पुन्हा गल्लीत क्रिकेट खेळायला लागला! मग घरी एक पाहुणे आले. ते म्हणाले, मी वाचलंय, थायरॉईडच्या रसानं रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी वाढतात. झालं. आईनं गोळ्यांचं पाकीट फडताळात वर टाकलं. त्याला पंधरा दिवस झाले. ताई विचारते, काका, खरं कोणाचं? डॉक्टरांचं की पाहुण्यांचं?

आधी उत्तर सांगतो, मग गोष्ट. गोळी बंद ठेवायची नाही. आईला जवळ बसवून डॉक्टरांना फोन लाव आणि हे सगळं त्यांना सांग. एवढं मी ताईला आधीच पोस्टानं कळवलंय, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. पण पाहुण्यांनी थाप मारलेली नाही, बरं का. त्यांनी वाचलं ते कुठेतरी खरंच आहे. म्हणून तर हा लेख.

गळ्यावर, कंठमण्याच्या जरा खाली बोट ठेवा. तिथे कातडीखाली फुलपाखरासारखी एक ग्रंथी बसलेली असते. पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात थायरॉईड. मिठातून मिळणारं आयोडीन घेऊन ती दोन संप्रेरकं बनवते. एकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, त्याला टी-चार म्हणजेच थायरॉक्सिन म्हणतात. दुसऱ्यात तीन, तो टी-तीन. दोन्ही रक्तातून सगळ्या अंगभर फिरतात.

ती करतात काय? पावसाळ्यात डबक्यात शेपटीवाले काळे बेडूकमासे वळवळताना पाहिलेत ना? गुडरनॅच नावाच्या शास्त्रज्ञानं १९१२ साली अशा पिल्लांना थायरॉईड ग्रंथीचा चुरा खायला घातला. पिल्लं वाढायची थांबली आणि भराभर बेडूक झाली. शेपटी गेली, पाय आले, पण बेडूक एवढेएवढेसे! म्हणजे हे संप्रेरक पेशींना सांगत होतं, पुरे झालं पोरपण, आता मोठे व्हा.

आता जालन्याचीच उपमा देतो. जालन्यात लोखंडी सळया बनवणारे कारखाने आहेत. पाळी बदलली की भोंगा होतो. भोंगा एकच, पण ऐकणारा कोण त्यावर त्याचा अर्थ ठरतो. दिवसपाळीचा कामगार डबा उचलून घरी निघतो आणि रातपाळीचा आत शिरतो. भोंगा कुणाला जा म्हणत नाही की ये म्हणत नाही. थायरॉईडची संप्रेरकं म्हणजे असा भोंगा. तो ऐकायला प्रत्येक पेशीत कान असतात. हे कान पेशीच्या आत, केंद्रकात, जनुकांना चिकटून बसलेले असतात.

मग रक्ताशी याचा संबंध काय? आपल्या हाडांच्या आत मगज असतो, अस्थिमज्जा. रक्ताचा कारखाना तिथे आहे. दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तिथून बाहेर पडतात. आधी कोवळ्या पेशी, मग त्या पिकतात, मग कामाला लागतात. ल्युकेमियात नेमकं हे पिकणंच अडतं. कोवळ्या पेशी कोवळ्याच राहतात आणि नुसत्या दुप्पट, चौपट होत सुटतात. कामाच्या पेशींना जागाच उरत नाही.

हे कसं अडतं याचा एक धागा सापडला तो कोंबड्यांत. हसू नका! कोपनहेगनचे एलरमन आणि बँग यांनी १९०८ साली दाखवलं की कोंबड्यांचा ल्युकेमिया एका कोंबडीतून दुसरीत जातो, पेशी गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानंसुद्धा. त्यामागे विषाणू होते. (कोंबड्यांची मानमोडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना विषाणूंचं नवल नाही.) पुढे असाच एक विषाणू सापडला, कोंबडीच्या कोवळ्या तांबड्या पेशी बिघडवणारा. त्याच्याजवळ दोन चोरलेली जनुकं होती, कधीकाळी कोंबडीच्याच पेशीतून पळवलेली. त्यातल्या एकाचं नाव अर्ब-ए. हे मूळचं कशाचं जनुक, हे कोडं बरीच वर्षं सुटेना. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या आणि जर्मनीतल्या दोन गटांनी एकदमच उत्तर दिलं. ते जनुक होतं थायरॉईडचा भोंगा ऐकणाऱ्या कानाचं!

फक्त विषाणूनं पळवलेला कान बहिरा झाला होता. धड कान असेल तर भोंगा नसताना पेशीला थांबवून धरतो आणि भोंगा झाला की पिकू देतो. बहिरा कान जागा अडवून बसतो, भोंगा कितीही वाजो, पेशीला पिकूच देत नाही. दुसरं चोरलेलं जनुक त्याच वेळी पेशीला वाढ, वाढ म्हणत असतं. झाली कोंबडी आजारी. म्हणजे इथे थायरॉईडचं संप्रेरक गुन्हेगार नव्हतंच. त्याचा निरोप पोचला नाही म्हणून घात झाला.

इथे एक गोष्ट मोठ्यानं सांगून ठेवतो. कोंबड्यांचा तो आजार विषाणूनं पसरतो. मुलांचा ल्युकेमिया एकापासून दुसऱ्याला लागत नाही. ताईच्या भावाच्या बाकावर बसा, त्याच्या डब्यातली भाकरी खा, काही होणार नाही.

आता पाहुण्यांची बाजू. आपण म्हटलं कान पेशीच्या आत असतो. पण २००५ साली कळलं की काही पेशींच्या बाहेरच्या भिंतीवर आणखी एक कान असतो, इंटिग्रिन नावाच्या प्रथिनाचा. तो टी-चारला जास्त चांगला ओळखतो. कर्करोगाच्या बऱ्याच पेशींवर हे प्रथिन भरपूर असतं आणि त्या कानानं ऐकलं की निरोपाचा अर्थ होतो, वाढा. इस्राएलमधल्या संशोधकांनी २०११ च्या सुमारास मायलोमा या मज्जेच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून पाहिल्या. हा आजार बहुतेक म्हाताऱ्या माणसांना होतो. थायरॉईडची संप्रेरकं घातली की त्या पेशी जास्त वाढल्या. टेट्रॅक नावाचं, थायरॉक्सिनसारखंच दिसणारं रसायन घालून तो बाहेरचा कान बुजवला, की हा परिणाम अडला. यातून उद्या एखादं औषध निघेल का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत. पाहुण्यांनी बहुधा अशातलंच काही वाचलं असणार.

पण बशीतली पेशी आणि सहावीतला मुलगा यांत फरक आहे की नाही? एक तर त्याला मायलोमा नव्हता. दुसरं, ज्या थायरॉक्सिनला आई घाबरली ते आईच्या रक्तात आहे, ताईच्या आहे, तुमच्या आहे, माझ्याही आहे. त्याच्या रक्तात ते कमी पडलं होतं. गोळीनं ते वर्गातल्या इतर मुलांइतकं होतं, जास्त नाही. जास्त होऊ नये म्हणून तर पुन्हा पुन्हा रक्त तपासतात. आणि वाढत्या वयात ते कमी राहिलं तर उंची खुंटते, अभ्यास मागे पडतो. हे नुकसान बशीतलं नाही, घरातलं आहे.

त्याचं कमी का झालं? शेकामुळे. ल्युकेमियाच्या काही पेशी मेंदूभोवती दडून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही, म्हणून काही मुलांच्या डोक्याला किरणांचा शेक द्यावा लागतो. त्यानं आजार जातो, पण गळ्यातल्या फुलपाखराला थोडी झळ लागू शकते. कधी झळ लागते ती मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीला. ही पीयूषिका म्हणजे थायरॉईडची मुकादम. थायरॉईड ढिलं पडलं की ती टीएसएच नावाचं संप्रेरक सोडून ओरडते, काम करा! म्हणून टीएसएच वाढलेलं दिसलं की समजायचं, खाली काम मंदावलंय. पण मुकादमच थकली असेल तर ती ओरडणार कशी? अशा वेळी टीएसएच ठीक दिसतं आणि थायरॉक्सिन मात्र कमी असतं. म्हणून डोक्याला शेक झालेल्या मुलांचं दोन्ही तपासावं लागतं.

औषधांचाही खेळ असतो. ल्युकेमियात अ‍ॅस्परॅजिनेज नावाचं इंजेक्शन देतात. रक्तातून थायरॉक्सिन वाहून नेणारं प्रथिन त्यानं काही दिवस कमी होतं, मग कागदावर थायरॉक्सिन उगाच घसरलेलं दिसतं. इंजेक्शनं थांबली की बहुधा आपोआप सावरतं. उलट, इमॅटिनिब नावाची गोळी घेणाऱ्यांचं थायरॉईड आधीच काढलेलं असेल तर त्यांना थायरॉक्सिन जास्त लागतं. एकूण काय, ल्युकेमियाच्या डॉक्टरांना गळ्याकडे लक्ष ठेवावंच लागतं.

आणि ते ठेवलं जातं, तेही आपल्याच राज्यात. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानं गेल्या होत्या. त्यांच्या नावानं १९३२ साली ल्युकेमियाच्या संशोधनासाठी एक न्यास निघाला, तो जगभरच्या शास्त्रज्ञांना मदत देत आला. त्या काळी ल्युकेमिया झालेलं मूल वाचत नसे. पुढे मुलं बरी व्हायला लागली, आणि मग प्रश्न आला की बरं झाल्यावर त्यांच्याकडे पाहायचं कोणी? म्हणून टाटा रुग्णालयात १९९१ साली उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू झालं. उंची, वजन, हृदय, अभ्यास, सगळं तिथे पाहतात. आणि थायरॉईडसुद्धा. मला विचाराल तर शाळेतल्या शिक्षकांनाही यातलं थोडं सांगायला हवं. पेंगणारं प्रत्येक पोर आळशी नसतं.

ताई, दोन-चार कामाच्या गोष्टी तुझ्यासाठी. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. दूध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी लगेच नको, त्यानं ती अंगी लागत नाही. मधे पंधरा दिवस चुकले म्हणून एकदम दोन-दोन देऊ नका, किती द्यायची ते डॉक्टर सांगतील. पुन्हा रक्त कधी तपासायचं तेही विचार, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. आणि फडताळ पत्र्याच्या भिंतीला लागून असेल तर पाकीट तिथे ठेवू नका. ही गोळी उन्हाळ्याच्या तापानं खराब होते. माठाजवळ, पण कोरड्या जागी, डब्यात ठेवा.

आज भावाला भिंतीला टेकवून उभा कर आणि डोक्यावर पेन्सिलनं खूण कर, तारीख घालून. दिवाळीला दुसरी खूण कर आणि मधलं अंतर मला कळव. वटवाघळं पुढच्या आठवड्यात.