जामिनाचा पैसा खैरात नव्हे

"जामीन मिळाला ना? मग पैशाचं नाव काढू नका." आपल्या मोहल्ल्यात हा सल्ला शहाणपण म्हणून दिला जातो. मला तो मान्य नाही.

रोख जामीन हा दंड नव्हे. तारखेला हजर राहण्याची ती हमी आहे. खटला संपला की पावती जोडून त्याच कोर्टात अर्ज करा, रक्कम मागा. तारखा चुकवल्या तर मात्र ती जप्त होऊ शकते.

7 जून 2023 ला कोल्हापुरात स्टेटसवरून दंगल झाली. तेव्हापासून आपण पोरांना फक्त गप्प बसायला शिकवलं, कायदा शिकवला नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर गरीब समजून जातमुचलक्यावर सोडावं लागतं. मोतीराम या गवंड्याचा जामीनदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारला गेला, तेव्हा 1978 साली न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "कबूल कर, दंड भर, सुटशील." दंड एकदाच भरतो, दोषी ठरल्याची नोंद नोकरीच्या पोलीस पडताळणीत पुन्हा समोर येते. आधी वकिलाला विचारा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

आणि ती पावती दहावीच्या मार्कलिस्टसारखी जपा.