शुक्रवारचा खुतबा कोणासाठी?

मदिनेत एका शुक्रवारी दुपारी पैगंबर मुहंमद प्रवचन करीत उभे असताना शामकडून, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूने, धान्याचा तांडा गावात शिरला. दिवस टंचाईचे होते. तांड्याचा गलबला कानी पडताच श्रोते उठले आणि बाजाराच्या दिशेने धावले. मशिदीत अवघे बारा जण उरले, असे हदीस-वाङ्मय सांगते. कुराणाच्या बासष्टाव्या अध्यायाच्या शेवटी या प्रसंगाची नोंद नाराजीच्या सुरात झाली आहे. अध्यायाचे नावच 'जुमुआ', म्हणजे एकत्र जमण्याचा दिवस. त्याच्या आधीच्याच आयतींत शुक्रवारचा व्यवहार सांगितला आहे. हाक ऐकू येताच खरेदीविक्री सोडून ईश्वरस्मरणाकडे यावे. नमाज संपताच पुन्हा पांगावे आणि आपली उपजीविका शोधावी.

हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. शुक्रवार हा इस्लाममध्ये मुळात सुटीचा दिवस नव्हे. यहुद्यांच्या शनिवाराप्रमाणे त्या दिवशी काम निषिद्ध नाही. बाजार थांबतो तो तासाभरापुरता, आणि तो थांबवण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे खुतबा. एरवी दुपारच्या नमाजेत चार रकाती असतात, जुम्म्याला दोनच. उरलेल्या दोन रकातींची जागा खुतबा घेतो, असे अनेक धर्मशास्त्रज्ञांनी म्हटले आहे. म्हणजेच खुतबा हा उपासनेला जोडलेला उपदेश नसून उपासनेचाच भाग आहे. तो चालू असताना बोलणे वर्ज्य. इतके की शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हणणेही व्यर्थ बडबडीत जमा होते. खतीब उभ्याने बोलतो, मध्ये क्षणभर बसतो आणि पुन्हा उठून दुसरा खुतबा देतो. ईश्वरस्तुती, पैगंबरांना सलाम, धर्मभीरुतेचा उपदेश, कुराणातील एखादी आयत आणि शेवटी सर्वांसाठी प्रार्थना, एवढा त्याचा सांगाडा. नमाज लांब आणि खुतबा आटोपशीर असणे हे जाणतेपणाचे लक्षण होय, असेही एक हदीस-वचन आहे. आपल्याकडच्या कित्येक वक्त्यांनी ते फ्रेममध्ये लावून ठेवण्यासारखे आहे.

ज्या गोष्टीसाठी बाजार थांबवला जातो आणि हजारो माणसांना मौन पाळायला लावले जाते, ती गोष्ट ऐकणाऱ्याला कळावी ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. परंतु खुतब्याचा इतिहास पाहिला तर या साध्या अपेक्षेची आठवण फार थोड्यांनी ठेवलेली दिसते. मिंबरावरून काय बोलले जावे याची चिंता राजांनी वाहिली, सरकारांनी वाहिली, विश्वस्तांनी वाहिली. खाली चटईवर बसलेल्याला त्यातले किती कळते, हा प्रश्न मात्र मागे पडत गेला.

मध्ययुगात सार्वभौमत्वाच्या दोन खुणा मानल्या जात: सिक्का आणि खुतबा. नाणे कोणाच्या नावाने पडते आणि शुक्रवारी मिंबरावरून कोणासाठी प्रार्थना होते, यावरून राज्य कोणाचे ते ठरे. नाणे हातोहात फिरे आणि खुतबा कानोकानी. वृत्तपत्रे नसलेल्या काळात सत्तांतराची वार्ता पोचवण्याचे याहून स्वस्त साधन नव्हते. ११७१ साली सलाहुद्दीनने कैरोत फातिमी खलिफाऐवजी बगदादच्या अब्बासी खलिफाचे नाव खुतब्यात आणले आणि दोन शतकांहून अधिक काळ चाललेली एक खिलाफत संपली. १५७९ मध्ये अकबर स्वतः फत्तेपूर सिक्रीच्या मशिदीत मिंबरावर चढला. फैजीने त्याच्यासाठी पद्यरचना करून दिली होती. पण बादशहाला कंप सुटला आणि तो लवकरच खाली उतरला, असे बदाऊनी लिहितो. बदाऊनी अकबरावर रुष्ट होता हे ध्यानात ठेवले तरी प्रसंग बोलका आहे.

दख्खनचा इतिहास तर या खुणांनी भरलेला आहे. अहमदनगरच्या मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सुलतानाचे नाव खुतब्यातून गाळले, आणि निजामशाही उभी राहिली. विजापुरात यूसुफ आदिलशहाने १५०२ च्या सुमारास शिया पद्धतीचा खुतबा सुरू केला. त्याच्या नातवाने तो फिरवून पुन्हा सुन्नी पद्धतीचा केला. १६३६ मध्ये शहाजहानने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी केलेल्या तहात, इराणच्या शहाचे नाव खुतब्यातून काढून तेथे मोगल बादशहाचे नाव घालावे, असे कलमच होते. खंडणीच्या रकमेबरोबर प्रार्थनेतील एका नावाचाही हिशेब व्हावा, यातच त्या नावाची किंमत दिसून येते.

मिंबराचा याहून वाईट उपयोगही झाला. उमय्या खलिफांच्या काळात हजरत अलींची निंदा मिंबरावरून करण्याची चाल पडली होती. ७१७ साली गादीवर आलेल्या उमर बिन अब्दुल अजीज यांनी ती बंद केली आणि त्या जागी न्याय, सदाचार व आप्तांना साहाय्य यांची आज्ञा देणारी कुराणातील आयत म्हणण्याचा प्रघात पाडला. ती आयत आजही जगभर असंख्य मशिदींत दुसऱ्या खुतब्याच्या शेवटी म्हटली जाते. ती तेथे का आली हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा.

राजे गेले आणि त्यांची जागा मंत्रालयांनी घेतली. तुर्कस्तानात ७ फेब्रुवारी १९२३ रोजी मुस्तफा कमाल यांनी बालिकेसिर येथील मशिदीत मिंबरावरून भाषण केले आणि खुतबा लोकांच्या भाषेत, लोकांच्या आजच्या गरजांविषयी असावा, असे सांगितले. १९३२ मध्ये इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत संपूर्ण तुर्की खुतबा झाला. भाषेचा प्रश्न असा सुटला. पण १९२४ साली स्थापन झालेले धार्मिक व्यवहारांचे सरकारी खाते आज खुतब्याचा मजकूर देशभर पाठवते आणि इमाम तो वाचतात. श्रोत्याला शब्द कळू लागले, पण बोलणारा मात्र स्वतःचे बोलेनासा झाला. इजिप्तच्या वक्फ मंत्रालयाने २०१४ मध्ये सर्व मशिदींसाठी एकच विषय ठरवून दिला आणि जुलै २०१६ मध्ये लिखित खुतबाच वाचण्याची योजना काढली. ती सरकारविरोधकांनी नव्हे, तर अल अझरच्या ज्येष्ठ विद्वानांच्या मंडळाने अमान्य केली. कागद वाचायची सवय लागली की इमामाची विचारशक्ती उथळ होईल, असा त्यांचा आक्षेप होता. इराणमध्ये १९७९ नंतर शुक्रवारचा खुतबा हे राजकीय भाषणच झाले. तेथे खतीब शस्त्र हाती धरून उभा राहतो, आणि राज्याचे धोरण काय हे परराष्ट्रांचे वकीलही त्यातून समजून घेतात.

आपल्या देशात हे लोण यायचे राहिले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये छत्तीसगढच्या वक्फ मंडळाने शुक्रवारच्या प्रवचनाचा विषय आधी कळवून संमती घ्यावी, असे मशिदींच्या मुतवल्लींना फर्माविले. प्रवचनात राजकारण येऊ नये, हा हेतू सांगण्यात आला. परंतु संमती घेऊन केलेला उपदेश हा उपदेश राहत नाही. तो परिपत्रकाचे वाचन होतो. चिथावणीखोर भाषण हा कोठेही गुन्हाच आहे आणि त्यासाठी कायदा पुरेसा आहे. त्यासाठी प्रत्येक शुक्रवारी प्रत्येक खतिबाला परीक्षार्थी बनवण्याचे कारण नाही.

तथापि सरकारला दूर ठेवले म्हणजे प्रश्न मिटला असे मानणेही सोयीचे, म्हणूनच घातक आहे. भारतातील बहुसंख्य हनफी मशिदींत खुतबा अरबीत होतो. स्वतः इमाम अबू हनीफा यांनी अरबीची अट अपरिहार्य मानली नव्हती. तरीही देवबंद परंपरेच्या उलेमांचा आग्रह आहे की पूर्वापार प्रघात अरबीचाच असल्याने तो मोडू नये. त्यामागे केवळ हट्ट आहे असे म्हणता येत नाही. वेगवेगळ्या देशांत एकच भाषा मिंबरावरून ऐकू येते, यातून येणारी एकत्वाची भावना खरी आहे. शिवाय खुतबा उपासना असेल, तर नमाजेप्रमाणे त्याचीही भाषा ठरलेली असावी, हा युक्तिवाद तर्काला सोडून नाही. पण मक्केच्या मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने १९८० च्या दशकात निर्णय दिला, की अरबेतर देशांत अरबी ही खुतब्याच्या वैधतेची अट नाही. आरंभीची स्तुती आणि कुराणाच्या आयती अरबीत असाव्यात आणि उपदेश श्रोत्यांच्या भाषेत व्हावा, हे उत्तम. केरळात मुजाहिद पंथाच्या मशिदींत मल्याळम खुतबा कित्येक वर्षे रूढ आहे, तर पारंपरिक सुन्नी मशिदी अरबीवर ठाम आहेत. अहले हदीस मशिदींतही खुतबा स्थानिक भाषेत होतो. कोणाचीही नमाज त्यामुळे अडलेली नाही.

अरबी खुतब्याला पर्याय म्हणून आपल्याकडे एक तडजोड निघाली: खुतब्याच्या आधी उर्दूत 'बयान'. तडजोड चांगली, पण घड्याळाने तिचा घात केला आहे. बयान सुरू होते तेव्हा कारकून टेबलाशी असतो, शिक्षक वर्गात असतो, कामगार यंत्रावर असतो. जेवणाच्या सुटीतून वेळ काढून तो पोचतो तो दुसऱ्या अजानच्या सुमारास. जे त्याला समजले असते ते संपलेले असते. जे समजत नाही ते ऐकायला तो शांतपणे बसतो. (अजान दोनदा देण्याची पद्धत तिसरे खलिफा उस्मान यांनी पाडली, तीही वस्ती वाढल्याने बाजारातल्या माणसांना आधी सूचना मिळावी म्हणून. ऐकणाऱ्याच्या सोयीचा विचार तेव्हा धर्मबाह्य वाटला नव्हता.)

महाराष्ट्रात या तडजोडीला आणखी एक पेच आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात सुमारे १ कोटी ३० लाख मुसलमान आहेत. त्यांपैकी कोकणातील शाफिई पंथीयांची घरची बोली कोकणी-मराठी आहे, आणि राज्यभर असंख्य मुले मराठी शाळांत शिकून मोठी झाली आहेत. व्यासपीठावरची उर्दू त्यांना अर्धीमुर्धीच कळते. मराठी कीर्तनाचा पूर्वरंग-उत्तररंग ज्या मातीत गावोगाव समजला आणि रुजला, त्याच मातीत शुक्रवारचे बयान मराठीत का होऊ नये? उर्दू ही धर्माची भाषा आणि मराठी ही सरकारी कचेरीची, ही वाटणी कोणत्याही धर्मग्रंथाने केलेली नाही. ती मदरशांच्या अभ्यासक्रमाने आणि सवयीने केली आहे, व सवयीला शास्त्राची प्रतिष्ठा देणे हा सर्वच धर्मांतला जुना दोष आहे.

आता खतिबाच्या पोटाचा विचार. हा विषय काढणे अनेकांना अप्रशस्त वाटते. पण त्यावाचून चर्चा पुरी होत नाही. मशिदीचा इमाम हा बहुधा विश्वस्तांच्या मर्जीवर असलेला अल्पवेतन नोकर असतो. राहायला मशिदीलगतची खोली, मुलांच्या शिकवण्या, लग्न-मयताच्या वेळी मिळणारी बिदागी, यांवर त्याचा प्रपंच चालतो. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वक्फ मंडळांनी इमामांना वेतन द्यावे असा निर्णय दिला. पण त्याचा लाभ सर्वत्र सारखा झालेला नाही, आणि वेतन मंडळाकडून आले की मंडळाचे परिपत्रकही मागोमाग येते. अशा माणसाने पहिल्या रांगेत बसलेल्या विश्वस्तासमोर हुंड्याविषयी, भावाबहिणीच्या बुडवलेल्या वाट्याविषयी, साठेबाजीविषयी किंवा वक्फच्या जमिनीच्या नाममात्र भाड्याविषयी बोलावे, अशी अपेक्षा करणे अवघड आहे. म्हणून तो नमाजेचे पुण्य आणि कबरीतील यातना यांवर बोलतो. ते विषय निषिद्ध नाहीत. पण ज्या आठवड्यात गावातल्या कारखान्याने दोनशे माणसे कमी केली, त्या आठवड्यातही तेच ऐकू यावे, हे श्रोत्याच्या पदरात काही टाकत नाही.

आणि श्रोता म्हणताना पुरुष श्रोताच डोळ्यांसमोर येतो, हेही नमूद करायला हवे. जुम्म्याची नमाज स्त्रियांवर बंधनकारक नाही. पण बंधनकारक नसणे आणि दार बंद असणे यांत अंतर आहे. पुण्यातील एका दांपत्याने २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की स्त्रियांना मशिदीत येण्यास धर्माची मनाई नाही. त्यानंतर किती मशिदींनी स्वतंत्र जागेची सोय केली, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे मशिदी बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या १६ नोव्हेंबरला पुन्हा उघडल्या. मधल्या काळात घरात बसून यंत्रावर खुतबा ऐकला तर जुमा होतो काय, असा प्रश्न अनेकांनी विचारला. बहुतेक धर्मशास्त्रज्ञांनी नकार दिला. ऐकणे पुरेसे नाही. एका छपराखाली, खांद्याला खांदा लावून ऐकले पाहिजे. त्या आठ महिन्यांत लोकांना जे चुकल्यासारखे वाटले, ते केवळ शब्द नव्हते. इस्त्री केलेला सदरा, अत्तराचा फाया, वर्षानुवर्षे शेजारी बसणाऱ्या माणसाची विचारपूस, हे सारे त्यात होते. अरबी न कळणारा माणूसही शुक्रवार चुकवत नाही, त्याचे उत्तर येथे आहे. आणि त्याच्या या निष्ठेवर मिंबर आजवर निभावून नेत आले, हेही तितकेच खरे.

सुधारणेसाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. अरबी खुतबा ज्यांना ठेवायचा त्यांनी ठेवावा. पण बयान दुसऱ्या अजानच्या तोंडाशी दहा मिनिटे, श्रोत्यांच्या भाषेत व्हावे. अरबी मजकुराचा मराठी सारांश मशिदीच्या फलकावर, जेथे नमाजेच्या वेळा लिहिल्या जातात त्याच्या शेजारी, लिहिता येईल. खतिबाचे मानधन जमातीच्या सर्वसाधारण सभेने ठरवावे आणि त्याला काढण्याचा अधिकार एकट्यादुकट्या विश्वस्ताकडे नसावा. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य त्याचे. पण महिन्यातून एकदा श्रोत्यांनी चिठ्ठीने प्रश्न द्यावेत आणि त्यांतील एकावर त्याने बोलावे. यांपैकी एकाही गोष्टीला कोणत्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही.