शिबिरात सुई टोचून घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा

वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांत किंवा आसपासच्या सोसायट्यांत लसीकरणाचे शिबिर लागले की सोय होते, कामाचा खाडा वाचतो. पण पांढरा कोट दिसला की आपण प्रश्न विचारत नाही. भामट्यांना नेमके हेच हवे असते.

२०२१ मधले कांदिवलीचे प्रकरण आठवा. ३० मे रोजी हिरानंदानी हेरिटेज सोसायटीत ३९० जणांना प्रत्येकी १,२६० रुपये घेऊन ‘कोविशिल्ड’ टोचली. फोटो काढू दिले नाहीत. नंतर प्रमाणपत्रे आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची, आणि त्या रुग्णालयांनी हात वर केले. कुप्यांत सलाईन भरले होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. मुंबईत २,०५३ लोक फसले, असे राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितले. ठाण्यातही गुन्हा नोंदवला गेला.

“पाणीच होते ना, अपाय तर झाला नाही!” असे अनेकजण म्हणतात. मला हे पटत नाही. संरक्षण नसताना ते आहे असे वाटणे, हाच मोठा अपाय. असा माणूस गर्दीत बिनधास्त फिरतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसतो. शिवाय नोंद खोटी झाल्याने खरी लस घेतानाही अडचण येते. आणि एकदा फसलेला माणूस उद्या खऱ्या शिबिराकडे, अगदी बाळाच्या गोवराच्या लशीकडेही संशयाने पाहू लागतो.

ताप आला नाही म्हणजे लस खोटी, असेही नाही. खऱ्या लशीनंतरही अनेकांना काही होत नाही. म्हणून अंगावरून अंदाज बांधू नका, आधीच तपासा:

• शिबिर कोणत्या रुग्णालयाचे आहे? तिथे स्वतः फोन करून खात्री करा.
• कुपीवरचे नाव, बॅच नंबर आणि मुदत पाहा.
• लस थंड पेटीतून काढतात का?
• टोचल्यावर थोडा वेळ थांबवून घेतात का? डॉक्टर हजर आहेत का?
• पावती आणि प्रमाणपत्रावर नाव, तारीख व ठिकाण बरोबर आहे का?

विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि फसलात, तर लाजेने गप्प बसू नका. पोलिसांना आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. कांदिवलीचे रहिवासी बोलले, म्हणूनच बाकीच्यांची फसवणूक उघड झाली.