बुद्धमूर्ती परत येते ती नोंदीमुळे

मे २०२५ मध्ये पिपरहवा स्तूपातील रत्नांचा हाँगकाँगमधील लिलाव भारत सरकारच्या नोटिशीनंतर थांबला. जुलैत ती मायदेशी आली. आनंद झालाच. पण चोरीला गेलेला वारसा भावनेने परत मिळत नाही, पुरावा लागतो. १९६१ साली नालंदा संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीला गेल्या. त्यातली एक कांस्य बुद्धमूर्ती २०१८ मध्ये एका व्यापारी मेळ्यात अभ्यासकांनी ओळखली. जुने फोटो होते, म्हणून लंडन पोलिसांनी ती १५ ऑगस्टला भारताला परत केली. ओळखणाऱ्यांत ‘आर्का’ या संस्थेच्या प्रमुख होत्या. ही संस्था इटलीत अशाच गुन्ह्यांवर पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते.

सेलूत इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या आपल्या मुलामुलींनी इटलीला कसे जावे? कायदा, पुरातत्त्व आणि पोलीस तपास एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने सुरू करावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर शेतात, पांढरीत जुनी मूर्ती सापडली तर तहसीलदारांना कळवा. फोटो, माप आणि जागा यांची नोंद विहारात ठेवा. नोंदच नसेल, तर ती आपली होती हे उद्या सिद्ध कसे करणार?